तबकात उरलेला विडा

आमच्या कारखान्यात मालकांपैकी कोणी कधी ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. नाही म्हणायची तिथे वेगळी व्यवस्था होती. हात नीट धुता येऊ लागले तेव्हापासून त्या व्यवस्थेचा एक भाग माझ्याकडे होता. विडे मी करत असे.

कारखाना म्हणजे इंदूरच्या मिल एरियातल्या एका गल्लीत पत्र्याच्या दोन शेड, पुढची मोठी आणि मागची लहान. तिथे आम्ही मिलसाठी धोटे आणि बॉबिनी बनवत असू. धोटा म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी, दोन्ही टोकांना पोलाद बसवलेली लाकडी होडी. ती दिवसभर धावते आणि कुठेच पोहोचत नाही. मी पुढे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले तेव्हा प्रगतीची व्याख्या सांगताना मला हमखास धोटा आठवे. पण तो अभ्यासक्रमात नव्हता.

आजोबा खानदेशातून मिलच्या सुतारखात्यात आले आणि काही वर्षांनी नोकरी सोडून मिलच्याच भिंतीला लागून स्वतःचं काम सुरू केलं. सुतारखात्यात असताना त्यांनी सेठ लोकांच्या घरातली वाटणी जवळून पाहिली होती. दोघे सख्खे भाऊ कामगारांसमोर एकमेकांची आई काढत होते, आणि ती आई एकच होती. आजोबांनी त्यावरून ठरवलं की आपल्या तीन मुलांत असं होऊ द्यायचं नाही. धंदा वाटायचा नाही. बदल करायचा तर तिघांच्या संमतीने, आणि संमती विचारायची वर्षातून एकदा, दसऱ्याला. आदल्या दिवशी हत्यारांची पूजा झालेली असे. दसऱ्याला यंत्रं बंद. जेवणं कारखान्यातच. जेवणानंतर थोरल्याने काय असेल तो प्रस्ताव सांगायचा आणि पितळी तबकात तीन विडे मांडायचे. चौथा लेथवर, देवाचा. ज्याला मान्य असेल त्याने विडा उचलावा. चहाच्या वेळेपर्यंत तबक रिकामं झालं तर ठरलं. एकही विडा उरला तर विषय संपला. कोणी का उचलला नाही हे विचारायचं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

“तोंडातून निघालेला नकार परत घेता येत नाही,” आजोबा म्हणत. “तबकातला विडा पुढच्या वर्षीही उचलता येतो.”

ऐकायला ही मोठी शहाणपणाची गोष्ट वाटते. मलाही बरीच वर्षं वाटत होती. अडचण एवढीच होती की विडा खाल्ला की तोंड लाल होतं. त्यामुळे दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्याकडचे तिघे कर्ते पुरुष शक्यतो ओठ मिटून वावरत. सोनं द्यायला आलेल्यांना ते हात जोडून, मान हलवून निभावून नेत. शेजारपाजारी म्हणत, काय गंभीर माणसं आहेत.

दुसरी गोष्ट गादीची. कापड मार्केटातल्या पेढ्या पाहून आजोबांनी पुढच्या शेडमध्ये पांढरी गादी आणि दोन तक्के करून घेतले होते. सुतारकाम करून त्यांचे गुडघे गेले होते. मांडी घालून त्यांना बसता येत नसे. म्हणून ते गादीशेजारी स्टुलावर बसत आणि गादी नुसती दिसत असे. बॉबिनीला आम्ही हळदूचं लाकूड वापरायचो. त्याचा भुसा पिवळा. सकाळी घातलेली पांढरी चादर दुपारपर्यंत हळदीच्या नवरीसारखी होई. आजोबा गेल्यावर मोठे काका त्या गादीवर प्रत्यक्ष बसू लागले आणि मग चादर दिवसातून दोनदा बदलली जाऊ लागली. ती धुण्याचं काम, अर्थातच, गादीवर न बसणाऱ्यांकडे होतं.

मोठे काका दिसायला मालक होते. कोसा रंगाचं जाकीट घालत, मिलच्या मॅनेजरला दिवाळीला मिठाई नेत, आणि सेठच्या घरी लग्न असलं की महिनाभर आधीपासून “आपल्याकडचं लग्न” म्हणत. धाकट्या काकांना नव्या यंत्रांचा शौक. कुठे प्रदर्शन भरलं की ते कॅटलॉग घेऊन येत. माझे बाबा मधले. ते लेथवर असत. बोटावर आडवा ठेवून धोटा तोललेला आहे की नाही हे ते बघत, आणि शाळा सुटल्यावर मी तिथे गेले की माझ्या बोटावरही ठेवत. “डोळे मीट,” म्हणत. “आता सांग, कुठे जड?” मी सांगे. बरोबर असलं की ते पुढचा धोटा ठेवत. शाबासकीचा तोच प्रकार होता.

मला ती गादी हवी होती. पांढरी चादर नव्हे. तिथे बसून जे ठरवायचं ते मला ठरवायचं होतं. किती लाकूड आणायचं, कोणाला माल द्यायचा, काय बंद करायचं. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. सांगण्याची पद्धत नव्हती हे एक, आणि रस्त्यावरच्या पाटीवर आजोबांच्या नावापुढे ‘अँड सन्स’ लिहिलेलं होतं हे दुसरं. बाबांना मी एकटी. गंमत म्हणजे ज्या शहरात हे चाललं होतं, त्या शहराला एका बाईने गादी चालवल्याचा केवढा अभिमान! राजवाड्यासमोर तिचा पुतळा आहे; तिच्या जयंतीला पालखी निघते, भाषणं होतात. मोठे काका दरवर्षी तिथे हार घालून येत आणि घरी येऊन माझ्या लग्नाचं काय झालं ते विचारत. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं या लेखात येत नाहीत.

मिल आजारी पडल्या, सरकारने घेतल्या, सरकार आजारी पडलं. आमचा माल आधी रोख जाई, मग मागणी कमी झाली, मग टेंडर निघू लागली, मग टेंडरही बंद. त्याच सुमाराला मी वर्गात उदारीकरण शिकवू लागले. अभ्यासक्रमात ते एक प्रकरण होतं, परीक्षेला हमखास येणारं. मुलं फायदे आणि तोटे असे दोन रकाने करून पाठ करत. मी दुपारी कॉलेज सुटल्यावर कारखान्यात जाई. तिथे रकाने नव्हते.

धाकट्या काकांनी त्या काळात प्रस्ताव आणला की बॉबिनी प्लास्टिकच्या करू. नियमाप्रमाणे तो मोठ्या काकांना मांडावा लागला.

“दादा, क्या है कि आता जमाना प्लास्टिकचा आहे,” धाकटे काका आधी समजावत होते. “मोल्डिंगचं एक मशीन टाकू, बस. लाकूड कोण घेणार आहे यार?”

“अरे, प्लास्टिकचे तर डबे असतात,” मोठे काका म्हणाले, आणि तरीही पद्धत म्हणून प्रस्ताव मांडला. विडा उरला. चहाच्या वेळी मोठे काका ओठ जेमतेम उघडून बशीतून चहा पीत होते. पुढच्या वर्षी बुऱ्हाणपूरला पॉवरलूमवाल्यांसाठी दुकान काढायचा विषय आला. तेव्हा धाकट्या काकांचं तोंड लाल झालं नाही. हे मागच्या वर्षीचं उत्तर होतं असं मला वाटतं, पण विचारायचं नाही असाच नियम असल्यामुळे वाटण्यापलीकडे काही हाती लागत नसे. आमच्या घराण्यात त्या दशकात एकमताने मंजूर झालेले ठराव मला आठवतात ते असे: पुढच्या शेडला कूलर, आजोबांचा मोठा फोटो, आणि नवी पाटी. नव्या पाटीवर मोठ्या काकांनी ‘एक्सपोर्ट क्वालिटी’ घालून घेतलं. आमचा माल तोवर बुऱ्हाणपूरच्या पुढे गेलेला नव्हता.

मग मिलचा भोंगा बंद झाला. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मी एवढंच सांगेन की आई भोंग्यावर भाताचा कुकर लावत असे, आणि नंतर कितीतरी महिने आमच्याकडे भात कधी कच्चा तर कधी गिचका होई.

पगार थकलेले, खाती बंद, तरी अनंत चतुर्दशीची झांकी मात्र निघाली. इंदूरला गणपतीबरोबर मिलच्या झांक्या निघतात. हलती चित्रं, दिव्यांची आरास, ढोल, आखाडे. मिल बंद आहे म्हणून झांकी बंद, असा विचार कामगारांना शिवलाही नाही. त्यांनी वर्गणी काढली आणि समुद्रमंथन करायचं ठरवलं. मंदार पर्वत फिरवायला मोठं लाकडी चाक हवं होतं, म्हणून ते आमच्याकडे आले. मिलची ती आमच्याकडे आलेली शेवटची मागणी. बाबांनी चाक करून दिलं. मोठ्या काकांचं म्हणणं होतं की ट्रकवर आपल्या फर्मचं नाव यावं, सौजन्य म्हणून.

“नाव कहाँ लिखेंगे भिया,” झांकीवाला म्हणाला, “वासुकीच्या पोटावर?”

रस्त्यावर ही गर्दी. मी आणि बाबा एका बंद दुकानाच्या ओट्यावर उभे होतो. देव एकीकडून ओढत होते, दानव दुसरीकडून, आणि दोघांनाही खालून एकच मोटर चालवत होती. लोक टाळ्या वाजवत होते. बाबा खाली वाकून चाकाकडे बघत होते.

“थोडं डगमगतंय,” ते म्हणाले.

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. आमच्यात तशी सवय नव्हती. झांकी पुढे गेली.

त्यानंतरच्या दसऱ्याची ही गोष्ट. मोठ्या काकांचा मुलगा पुण्याला कंप्यूटरच्या नोकरीत होता आणि परत येणार नाही हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, मोठ्या काकांनाही. धाकट्या काकांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. बुऱ्हाणपूरचे माग अजून चालू होते. धोट्यांना गिऱ्हाईक होतं, थोडं का होईना. मी कॉलेज करून रोज जात होतेच. फोन मी घेत असे, लाकूडवाल्याशी मीच बोलत असे. फक्त ठरवत नसे.

जेवणं झाली. मी विडे घेऊन मागच्या शेडमधून पुढे आले. मोठे काका गादीवर, बाबा स्टुलावर, धाकटे काका खुर्चीवर.

“आमचे चिरंजीव तर काही येत नाहीत,” मोठे काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा सभेतला नव्हता. “तर अपन असं करू या. हिला बसवू या इथे. कॉलेज सांभाळून बसू दे. नाहीतरी सगळं तीच पाहते.”

माझ्या हातात तबक होतं. मी ते गादीवर ठेवलं आणि मागे गेले, कारण तशी पद्धत होती. आई भांडी आवरत होती. तिला ऐकू गेलं होतं. तिने एकच ताट दोनदा पुसलं.

मोठ्या काकांनी स्वतः प्रस्ताव मांडलेला, ते उचलणारच. धाकटे काका माझ्या बाजूचे होते, लहानपणापासून. बाबांचा तर प्रश्नच नव्हता. मी बसल्या बसल्या वर्षाचं लाकूड ठरवून टाकलं. हळदू कमी, धोट्यांसाठी टेंभुर्णी जास्त. बॉबिनी बंद करून नुसते धोटे. महेश्वरच्या हातमागवाल्यांकडे जाऊन यायचं. तिथे पॉवरलूम नाहीत, पण साड्या विणतात आणि धोटा लागतो. हे सगळं मनात अगदी तयार होतं, गादीची चादर बदलून रंगीत करण्यापर्यंत.

चहाची वेळ झाली. आई पुढे जाऊन तबक घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं.

एक विडा उरला होता.

बाबांचे दात खराब झाले होते, म्हणून त्यांच्या विड्यात मी सुपारी घालत नसे, आणि ओळखू यावा म्हणून त्याला लवंग न टोचता टोक आत दुमडत असे. उरलेल्या विड्याला लवंग नव्हती. आईनेही ते पाहिलं.

“चहा टाक,” आई म्हणाली.

मी चहा टाकला. पुढे नेऊन दिला. मोठ्या काकांचं आणि धाकट्या काकांचं तोंड लाल होतं आणि त्या दिवशी ते लपवत नव्हते. उलट दोघेही बाबांकडे बघत होते. बाबा खिडकीबाहेर बघत होते. तिकडे मिलची चिमणी होती, धूर नसलेली.

मी आणि बाबा स्कूटरवरून घरी निघालो. आई काकूबरोबर मागून रिक्षाने येणार होती. रस्त्यात लोक एकमेकांना सोनं देत होते. चौकात थांबल्यावर बाबा म्हणाले, “पुढच्या चाकात हवा कमी वाटते.”

“हो,” मी म्हटलं.

एवढंच झालं. त्यावर पुढे अनेक वर्षं मी विचार केला आणि बरीच पुस्तकंही वाचली. कुटुंबाच्या धंद्यात मालकी कोणाची, अधिकार कोणाचा, वारस कसा नेमावा, याच्यावर शास्त्र आहे असं मला कॉलेजच्या वाचनालयात कळलं. त्यात चौकोन आणि बाण असतात. बापाने मुलीसाठी विडा का उचलला नाही याला चौकोन नाही. धंदा बुडतो आहे हे त्यांना दिसत होतं आणि मी त्यात अडकू नये असं वाटलं असेल. किंवा मुलीने गादीवर बसणं त्यांना खरोखरच पटत नसेल. किंवा मोठ्या भावाने मुलगा येत नाही म्हणून नाइलाजाने दिलेली गोष्ट घ्यायची नसेल. तिन्ही बाबा मला ओळखीचे वाटत. मी रोज त्यांच्या शेजारी बसून धोटे तपासत असे. ते माझ्या बोटावर धोटा ठेवत, मी कुठे जड ते सांगत असे. विचारायला हातभर अंतर होतं. पण पद्धत नव्हती, आणि आम्ही दोघेही पद्धत पाळणारी माणसं.

बाबा गेले. आधी आई गेली होती. मोठे काका मुलाकडे पुण्याला गेले आणि तिकडेच वारले. बुऱ्हाणपूरलाही बिनधोट्याचे माग आले. त्यात धागा हवेच्या झोताने फेकतात. “हवेने कुठे कापड विणतात का?” हे मोठ्या काकांचं आमच्या कारखान्यातलं शेवटचं मत. कामगार एकेक करून गेले. एक मिस्त्री उरला, तो सांवेरहून बसने येई. सोयाबीन काढणीला आलं की तेही नाही. मी निवृत्त होण्याच्या बेतात होते. संध्याकाळी मी कुलूप उघडून आत बसे, दिवा लावे, लेथवर हात फिरवे आणि परत कुलूप लावे. घरी जाऊन कोणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि घरी कोणी नव्हतंही.

मग एका दसऱ्याला चुलतभाऊ पुण्याहून गाडी घेऊन आला. आधी फोनवर म्हणाला होता, “ताई, एक डिसिजन घेऊन टाकू या.” आता आम्ही पुन्हा तिघे होतो: मोठ्या काकांच्या जागी तो, धाकटे काका स्वतः, आणि बाबांच्या जागी मी. मुलीलाही हिस्सा असतो हे तोवर कायद्याने आमच्या घराला कळवलं होतं.

“अपन पद्धत मोडायची नाही, बेटा,” धाकटे काका मला म्हणाले. ते काठी घेऊन चालू लागले होते. “विडे कर.”

मी केले. काकांना लवंगेचा, भावाला लवंगेचा. स्वतःसाठी विडा मी आयुष्यात कधी केला नव्हता. कसा करावा कळेना. शेवटी बिनसुपारीचा केला आणि टोक आत दुमडलं. जागा तर बाबांचीच होती.

भाऊ गादीवर बसला नाही. भुसा लागेल म्हणून कडेला टेकला. “प्रपोझल सिंपल आहे,” तो म्हणाला. “एक पार्टी आहे, दोन्ही शेड घेते. कोचिंग क्लास काढणार, वर होस्टेल. इंदूर आता एज्युकेशन हब आहे, ताई. तुलाही त्रास नाही. किती दिवस कुलूप उघडायचं आणि लावायचं?”

यात खोटं काही नव्हतं. तबक गादीवर होतं. काकांनी थोडा वेळ घेतला आणि विडा उचलला. त्यांचंही वय झालं होतं. मला त्यांचा राग आला नाही. भावाने उचलला. मी उचलला नाही. मी आजोबांच्या फोटोकडे बघत बसले. पहिल्यांदाच माझा विडा तबकात उरला होता, आणि मला एक चमत्कारिक समाधान वाटत होतं. मी मोजली गेले होते. नकार दिला होता, आवाज न करता, घराण्याच्या रीतीने. आता कोणी काही विचारणार नव्हतं.

भावाला फोन आला. तो बोलत बोलत फेऱ्या मारू लागला. “हो, ऑलमोस्ट डन... आज रात्रीच निघतो...” बोलता बोलता तो गादीशी थांबला, माझा विडा उचलला आणि तोंडात टाकला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

फोन संपला. “हे जास्त छान आहे गं,” भाऊ चावत म्हणाला. “सुपारी नाही यात? एक उरलं होतं, वाया गेलं असतं.”

लहानपणी तो बोर्डिंगमधून सुट्टीत येई तेव्हा दसऱ्याला आम्हा मुलांना मागच्या शेडमध्ये बसवत. तो पेरू खात असे, मी विडे लावत असे. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या काकांनाही कधी सुचलं नसावं. ज्यांना त्या विड्याचा अर्थ लागत होता अशी जगात दोन माणसं उरली होती, आणि त्यातलं एक, पद्धतीप्रमाणे, गप्प होतं.

“नको,” मी म्हटलं.

“काय?”

“विकायचं नको. मला कारखाना हवा आहे.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला. पत्र्याच्या शेडमध्ये तसं होतं. मला वाटलं आता काहीतरी होईल. आजोबा ज्याला घाबरत होते ते, आई काढणं वगैरे.

“अगं मग आधी सांगायचं ना, ताई!” भाऊ म्हणाला. “फोनवरच सांगायचं. मी उगीच त्या पार्टीला दोन्ही बोललो.” त्याने रुमालाने ओठ पुसले. “काय करणार पण तू इथे?”

“धोटे.”

“कोणासाठी?”

“महेश्वरला लागतात.”

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. “हं. मग असं कर, मागची शेड तू ठेव, तुझ्या हिश्श्यात. लेथ घे, नाव घे, गादी घे. पुढचं आम्ही देऊन टाकतो. चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं.

चहाची वेळही अजून झाली नव्हती. जी गोष्ट मला उभ्या आयुष्यात मागता आली नाही ती मागितल्यावर इतक्या वेळात मिळाली. भाऊ वाईट नाही. त्याने जाताना वाकून नमस्कार केला, सोनं दिलं, आणि तो गाडी काढायला गल्लीच्या तोंडाशी गेला.

काका दारात काठीवर रेलून उभे होते. मी त्यांना विचारलं. पद्धत त्या दिवशी नाहीतरी खाल्ली गेलीच होती.

“काका, बाबांनी माझ्या वेळी विडा का नाही उचलला?”

काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “मला वाटलं तुला माहीत असेल, बेटा,” ते म्हणाले. “तू रोज त्याच्याजवळ बसायचीस.”

“मला वाटलं तुम्हाला.”

“आम्ही दोघांनी, दादाने आणि मी, किती दिवस वाट पाहिली. म्हटलं, सांगेल. पण विचारायचं कसं?” गाडीचा हॉर्न वाजला. “आता तोही नाही आणि दादाही नाही,” ते म्हणाले आणि काठी टेकत निघाले.

पुढची शेड आता नाही. तिथे चार मजले आहेत आणि मुलं मोठमोठ्याने सूत्रं पाठ करतात. मागच्या शेडला बाजूच्या बोळातून दार काढलं. गादी आत मावत नव्हती. कापून लहान केली. मिस्त्री आठवड्यातून दोनदा येतो, मला “जीजी” म्हणतो आणि लेथ चालू असेपर्यंत बोलत नाही. महेश्वरचं काम थोडं आहे, पण असतं. मुंबईच्या एका कॅफेवाल्याने जुन्या बॉबिनी मेणबत्त्या लावायला नेल्या. एक्सपोर्ट क्वालिटी शेवटी तिथे उपयोगी पडली.

फोन येतो. “सेठजी से बात करा दीजिए.” सुरुवातीला मी म्हणायचे, “बोलिए, मैं ही हूँ.” मग पलीकडून “अच्छा, मतलब... कोई और नहीं है?” हल्ली मी म्हणते, “बताइए, मैं उनसे कह दूँगी.” काम लवकर होतं. संध्याकाळी सेठजींचा निरोप मीच कळवते.

या दसऱ्याला एक विषय होता. मिस्त्रीला डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि एक विणकर मुलगी महेश्वरहून काम शिकायला येऊ म्हणते आहे. तिला ठेवावं का. लेथची पूजा मी आदल्या दिवशीच केली होती. दोन विडे लावले. देवाचा लेथवर ठेवला, दुसरा तबकात, बिनलवंगेचा. गादीवर बसले. मांडी घालताना गुडघे दुखतात. आजोबांच्या स्टुलाचं कारण आता कळतं.

शेजारी क्लासला सुट्टी होती. तबकाकडे बघत मी चहाच्या वेळेपर्यंत थांबले, कारण लगेच उचललं तर विचार न करता ठरवल्यासारखं झालं असतं. मग विडा घेतला. मुलीला यायला सांगायचं ठरलं.

आरसा मागच्या शेडमध्ये कधीच नव्हता. मी दार उघडून बोळात उभी राहिले, तोंड लाल. बोळातून कोणी जात नव्हतं.